दुसरी बाटली

गायमुखच्या चढणीवर हिवाळ्यात धुकं असायचं. आम्ही दोघी त्यात शिरलो की आधी रस्ता दिसेनासा व्हायचा, मग समोरची सायकल, आणि शेवटी फक्त तिच्या चेनचा आवाज उरायचा. ती पुढे, मी तिच्या मागच्या चाकाला चिकटून. डावीकडे डोंगर, उजवीकडे खाली खाडी, पण दोन्ही असतील तिथे असतील. मला वाटायचं, पॅडल आपण मारतच नाही, कुणीतरी आपल्याला झोपेतून उचलून घेऊन चाललंय.

ती बाळकुमच्या मूळ गावातली. त्यांच्या भाताच्या शेतांवर आता टॉवर आहेत, घर मात्र गावठाणात होतं तिथेच, अरुंद गल्लीत, मागे विहीर. मी डोंबिवलीची. आई शाळेत, बाबा बँकेत, आणि एकुलती एक मुलगी सायकलच्या शर्यतीत का उतरते हे दोघांनाही कळेनासं झालेलं. कॉलेजच्या एका स्पर्धेत मी तिच्या मागे राहून दुसरी आले. शर्यत संपल्यावर ती म्हणाली, "मागं मागं काय राहतंस गो? पुढं ये ना." एवढ्यावर आमची मैत्री झाली. मग दर शनिवारी दुपारी मी सायकल घेऊन निघायचे. दुर्गाडीचा पूल, कोनगाव, काशेळीचा पूल, की आलं बाळकुम. तिच्या आईच्या हातचं सुकटीचं कालवण जेवायचं आणि रविवारी उजाडता उजाडता घोडबंदर रोडला लागायचं.

एका पावसाळ्यात तिला टायफॉइड झाला आणि तिचा सगळा मोसम गेला. केस गळले, मांड्या काटक्यांसारख्या झाल्या. दिवाळीच्या आसपास ती परत सायकलवर बसली तेव्हा चढणीवर मी तिच्या पुढे जात होते, आणि ते मला मुळीच आवडत नव्हतं. ती खाली मान घालून यायची. सर म्हणायचे, घाई करू नकोस. आम्हाला सायकलिंग शिकवणारे सर जुने सायकलपटू, शांत माणूस, आवाज कधी चढला नाही त्यांचा.

मग जानेवारीत ती एकाएकी परत आली. परत आली म्हणजे पूर्वीपेक्षाही पुढे गेली. गायमुखची चढण ती धाप न लागता चढायची. मला बोलायचं असलं तर श्वास गोळा करावा लागे, ती मात्र घरातल्या लग्नाबद्दल, साड्यांबद्दल सलग बोलत असायची. धुक्यात तिच्या चेनचा आवाज लांब जायचा आणि मग यायचाच नाही. वर पोचले की ती झाडाला सायकल टेकवून केळं खात उभी दिसायची. घरी जाताना मला वाटायचं, मीच मंद झालेय. मी लोहाच्या गोळ्या घेतल्या, जेवणात भाकरी वाढवली, झोप वाढवली. काही फरक पडला नाही.

फेब्रुवारीत कल्याणच्या पुढे, माळशेजकडे जाणाऱ्या रस्त्यावर राज्याची शर्यत होती. एका गावातल्या शाळेपासून फेऱ्या मारायच्या आणि तिथेच शेवट. शेवटच्या फेरीला आम्ही दोघीच पुढे होतो, बाकीचा घोळका कुठेतरी ऊन आणि धुळीत मागे राहिलेला. शाळेवरून जाताना व्हरांड्यात एक टेबल मांडलेलं दिसलं, गळ्यात ओळखपत्रं घातलेली दोन-तीन माणसं दिसली. मी फारसं लक्ष दिलं नाही. थोडं पुढे गेल्यावर तिने पॅडल मारणं थांबवलं.

"पोटात कळ आली. तू जा."

"काय झालं? पाणी घे."

"जा म्हणते ना! जा!"

मी मागे वळून पाहिलं तेव्हा ती रस्त्याच्या कडेला सायकल धरून उभी होती. पोट धरलेलं नव्हतं. नुसती माझ्याकडे बघत होती.

शर्यत मी जिंकले. माझी पहिलीच. श्वास जागेवर यायच्या आत एक मुलगी जवळ आली. "अभिनंदन, मॅडम. आता डोप टेस्ट होईपर्यंत तुम्ही माझ्या नजरेआड जायचं नाही." ती कल्याणची, फिजिओथेरपी शिकणारी, त्या दिवसापुरती मदतीला आलेली. तिने मला तिसरीच्या वर्गात नेलं. भिंतीवर फळांची चित्रं, छोटे बाक, वर हळूहळू फिरणारा पंखा. लघवीचं सॅम्पल द्यायचं होतं, तेही तिच्या समोर. मला होईना. अंगातलं सगळं पाणी घामात गेलेलं. मी बाटल्यांवर बाटल्या रिचवल्या, शेवटी झाली तेव्हा तपासणारे अधिकारी म्हणाले, पाणी जास्त झालंय, सॅम्पल पातळ आहे, पुन्हा द्यावं लागेल.

"सॉरी हं," ती मुलगी म्हणाली. "मलाच तुमच्यापेक्षा जास्त लाज वाटतेय."

आम्ही दोघी हसलो. दुपार वर्गात सरकत होती. फळ्यावरच्या खडूची धूळ उन्हात उडत होती. डाळिंबाच्या चित्राकडे बघत मी अर्धवट झोपेत होते आणि त्या झोपेत ती मला पुन्हा पुन्हा दिसत होती, रस्त्याच्या कडेला, पोटाला हात न लावता. जाग येत गेली तसं ते चित्र स्वच्छ होत गेलं. दुसऱ्यांदा सॅम्पल दिलं, त्यांनी ते माझ्यासमोर दोन बाटल्यांमध्ये ओतून सील केलं. पहिली तपासायची, आणि कुणी निकालावर हरकत घेतली तर उघडायला दुसरी. बाहेर आले तर मंडप उतरवत होते. माझी मैत्रीण केव्हाच घरी गेली होती.

मी तिला काही विचारलं नाही. पुढच्या रविवारी बाळकुमला आम्ही नेहमीसारख्या मागच्या अंगणात बूट बांधत होतो, तेव्हा पुढच्या दाराशी कुणीतरी तिचं नाव घेतलं. एक बाई, एक पुरुष, हातात बॅग. तपासणीवालेच होते. न सांगता घरी येतात ते. तिचे काका दारात गेले आणि त्यांनी सरळ सांगून टाकलं, "ती नाय घरान. मामाकडं गेलीय."

विहिरीजवळचं फाटक मागच्या गल्लीत उघडायचं. तिचा हात हँडलवर होता. तिने हळूच मला विचारलं, "तू काय केलं असतंस?"

मी खरं तेच सांगितलं. "मला नाही माहीत."

ती थोडा वेळ विहिरीकडे बघत राहिली. मग सायकल कठड्याला टेकवली आणि तळाला पॅडलमध्ये अडकणारी क्लीट लावलेल्या बुटांनी टक टक करत घरातून पुढच्या दारी गेली. "मीच ती," ती म्हणाली. काकांनी तोंड फिरवलं. तिच्या आईला यातलं काहीच माहीत नव्हतं. तिने पाहुणे समजून चहा टाकला.

तिचं सॅम्पल घेऊन ते गेल्यावर आम्ही सायकली काढल्या. त्या दिवशी चढणीपर्यंत गेलोच नाही. खाडीच्या बांधावर बसलो. ओहोटी होती, चिखलात बगळे एक एक पाय उचलून चालत होते. तिने सगळं सांगितलं. व्यायामशाळेत एक माणूस यायचा, त्याने आधी व्हिटॅमिन म्हणून दिलं, मग रक्त वाढवणारं इंजेक्शन. तिसऱ्यांदा घेतलं तेव्हा तिला ते काय आहे ते नीट कळलेलं होतं.

"कसं वाटायचं?" मी विचारलं.

"सपनात धावतो ना आपण, पाय लागत नाहीत... तसं." ती हसली नाही. "चांगलं वाटायचं गो. खोटं कशाला बोलू."

मग मला राग आला. उशिरा आला, पण आला. "मी अख्खा हिवाळा स्वतःला मंद समजत होते," मी म्हणाले. "गोळ्या खात होते. घरी जाऊन रडत होते." तिने ऐकून घेतलं. माझ्याकडे न बघता माझ्या सायकलच्या चेनला लागलेला चिखल बोटाने काढत राहिली.

निकाल आला तो अपेक्षेप्रमाणे. सर तिच्या घरी आले तेव्हा मी तिथेच होते. सरांचा चेहरा उतरलेला. ते म्हणाले, "बेटा, मशीनची चूक होऊ शकते. आपण दुसरी बाटली उघडायला सांगू. तुझा हक्क आहे तो."

ती म्हणाली, "सर, दुसऱ्या बाटलीत पण मीच आहे."

सर उठून विहिरीपाशी जाऊन उभे राहिले. बऱ्याच वेळाने आत आले आणि तिच्या डोक्यावर हात ठेवून गेले.

चार वर्षांची बंदी असते, तिने लगेच कबूल केलं म्हणून एक वर्ष कमी झालं. त्या माणसाचं नावही तिने सांगितलं. तो व्यायामशाळेत पुन्हा दिसला नाही. पेपरात आतल्या पानावर चार ओळी आल्या, तेवढ्यावरून गल्लीतल्या बायका तिच्या आईला विचारायला लागल्या, पोरगी ड्रग्ज घेते का. तिची आई दार लोटून आत बसायची. मी मधले काही महिने गेले नाही. मग एका शनिवारी न ठरवता कोनगाव ओलांडलं. तिच्या आईने मला पाहिलं आणि एक ताट जास्त घेतलं.

मी पुढे दोन मोसम खेळले, राष्ट्रीय शिबिरापर्यंत गेले, तिथून पुढे माझे पाय गेले नाहीत. आता वागळे इस्टेटमधल्या एका कंपनीत मशीनच्या भागांची ड्रॉइंग करते. तिची बंदी संपली, पण ती शर्यतीत उतरली नाही. विचारलं तर "बघू" म्हणते. आता ती बाळकुमच्या त्याच टॉवरमधल्या बायकांना सायकल शिकवते, ज्यांना लहानपणी कुणी शिकवली नव्हती अशांना.

परवा संध्याकाळी मी तिथे गेले होते. सातव्या मजल्यावरच्या एक निवृत्त शिक्षिका, पंजाबी ड्रेस घातलेल्या, ओढणी कमरेला घट्ट बांधलेल्या. ती सीट धरून त्यांच्या मागे पळत होती, "समोर बघा काकू, चाकाकडे नाही, समोर," आणि पळता पळता तिने हात काढून घेतला. काकूंना कळलंच नाही. त्या तशाच बोलत बोलत इमारतीच्या कोपऱ्यावरून वळल्या आणि दिसेनाशा झाल्या.

आम्ही दोघी उभ्या राहिलो. ऊन बाल्कन्यांमधून तिरपं खाली येत होतं, कुठेतरी कुकरची शिट्टी झाली. इमारतीच्या मागून काहीच आवाज येत नव्हता.

"पडल्या नाहीत ना?" मी म्हणाले.

"थांब जरा," ती म्हणाली.

मग दुसऱ्या कोपऱ्यावरून आधी घंटी ऐकू आली.