पाखऱ्याचं दावं कुणाकडं?

वकिलाच्या घरात कागद साठतात असं लोकांना वाटतं. साफ खोटं! कागद कोर्टात जातात आणि तिथंच राहतात. घरी उरतं ते लोकांचं बोलणं. मी कराडला तात्या वकिलांच्या हाताखाली लागलो तेव्हा लढाई नुकतीच संपली होती आणि माझी एलएल.बी.ची परीक्षाही. डोक्यात सगळे कायदे कोरे करकरीत! तात्यांची पद्धत अशी, की केस लावण्याआधी दोन्ही बाजूंना एकदा ओसरीवर समोरासमोर बसवायचं. "कोर्टात भांडायचंच आहे, आधी इथं रंगीत तालीम करा," म्हणायचे. निम्मी भांडणं त्या तालमीतच मिटायची.

यातला हौसाबाईच्या बैलाचा किस्सा सगळ्यांत भारी, म्हणून तो शेवटी. म्हातारीनं विकलेला बैल तिला परत मिळणार की नाही, एवढाच प्रश्न होता. पण त्यानं अख्ख्या ओसरीला घाम फोडला!

*

उंब्रजच्या रसूलभाई शिंप्यांनी परकराचं हिरवंगार कापड धुऊन कुंपणाच्या कुपाटीवर वाळत घातलं. दादू नावाच्या गड्याची शेळी आली आणि अर्धं कापड खाऊन गेली!

मी लगेच उभा राहिलो. आपल्या जनावरानं मोकाट सुटून दुसऱ्याचं नुकसान केलं, तर भरपाई मालकानं द्यायची, हे मी पुस्तकातल्यासारखं सांगितलं.

दादू उसळला. "आवं वकीलसायेब, हिरवं कापड कुपाटीवर टाकायचं, आन शेळीनं काय वाचून बघायचं व्हय, पाला हाय का परकर?"

तात्या म्हणाले, चूक दोघांची. एकानं शेळी सोडली आणि दुसऱ्यानं तिच्यापुढं ताट वाढलं! शेवटी ठरलं, की दादूनं महिनाभर रसूलभाईंकडे दूध घालायचं.

चारच दिवसांत रसूलभाई हजर. "तात्यासाहेब, ती तडजोड मोडा. घरात कुनी दूध पीत न्हाई. म्हणत्यात, त्यात रंग उतरलाय!"

*

कडेगावच्या एका बागायतदाराच्या गुऱ्हाळाचा धूर शेजाऱ्याच्या घरात जायचा. शेजारी खोकत खोकतच ओसरी चढला. आपल्या जागेत माणसानं काहीही करावं, पण शेजाऱ्याला त्याचा उपद्रव होता कामा नये, हा नियम. त्याची बाजू भक्कम होती.

तात्यांनी गुऱ्हाळवाल्याला सहज विचारलं, "हे कधी येतात का तुमच्या गुऱ्हाळावर?"

"कवा येत न्हाईत त्ये इचारा! रोज तांब्या घिऊन काकवीला हजर!"

झालं, मला वाटलं, बुडाली केस! काकवी गोड आणि धूर कडू, असं कुठं असतं? पण शेजारी जागचा हलला नाही.

"काकवी मी सवताच्या पायानं जाऊन आणतु," तो म्हणाला. "धूर त्यो माज्या घरी पाठवतु!"

तात्यांनी त्याला हात जोडले. गुऱ्हाळवाल्यानं आठ दिवसांत धुराडं उंच केलं.

*

कवठे महांकाळच्या एका व्यापाऱ्यानं एका पोराशी करार केला होता, तीन वर्षं माझ्याच दुकानात काम करायचं. पोरगा महिन्याभरात पलटणीत पळाला. रजेवर आला तसा व्यापाऱ्यानं त्याला धरून आणला.

पोरगा हुशार! म्हणाला, "करार केला तवा मी सोळाचा व्हतो. अज्ञान पोराचा करार कायद्यात चालत न्हाई."

"मग त्याच महिन्यात पलटणीत अठराचा कसा झालास रं?" व्यापारी ओरडला.

पोरगा ताठ उभा राहिला. "तितं सायबानं छाती मोजली. वय न्हाई!"

*

एका पाटलाची म्हैस हरवली. त्यानं दवंडी पिटवली, की जो कोणी म्हैस आणून देईल त्याला तिचं पुढचं रेडकू बक्षीस. रामा गुरव मळ्यात होता, त्यानं दवंडी ऐकलीच नाही. नदीकाठी म्हैस दिसली, ओळखीची वाटली, म्हणून त्यानं ती पाटलाच्या दारात आणून बांधली. बक्षिसाचं त्याला नंतर कळलं, आणि पाटील रेडकू द्यायला कबूल होईना.

इथं मात्र मला राहवेना! परीक्षेत हाच प्रश्न आला होता. "रामाला दवंडी माहीतच नव्हती," मी ओरडलोच. "जो प्रस्ताव माहीत नाही, तो स्वीकारणार कसा? करार झालाच नाही!"

पाटलानं माझ्याकडं फार प्रेमानं पाहिलं.

तात्यांनी पान लावता लावता विचारलं, "रामा, आता कळली का तुला दवंडी?"

"व्हय की."

"पाटलांनी ती मागं घेतलीय का?"

"न्हाई बा."

"मग म्हैस सोडून नदीला ने, आणि पुन्हा शोधून आण!"

रामा ताडकन उठून निघालासुद्धा! पाटील धोतर सावरत त्याच्यामागं. रेडकू पुढं रामाच्याच दारात वाढलं.

*

आता हौसाबाई.

तिचा एकुलता एक लेक लढाईवर गेला आणि बरेच दिवस त्याची खबर नव्हती. शेत पडून राहिलं, वैरण संपली. शेवटी म्हातारीनं लेकाचा लाडका बैल पाखऱ्या बाजारात हणमंता हेड्याला विकला. हेडी म्हणजे आमच्याकडचा बैलांचा व्यापारी. आणि आठवड्याभरात लेक दारात उभा! आल्या आल्या तो गोठ्यात गेला आणि रिकामी दावण बघून तिथंच खाली बसला.

म्हातारी घेतलेले पैसे परत द्यायला हणमंताकडं गेली. तो ऐकेना. ओसरीवरही तेच. "तात्या, मला दया येत न्हाई असं न्हाई," तो म्हणाला. "माजा पोरगाबी त्याच पलटणीत हाय, अजून यायचाय. पर एक सौदा दयेनं फिरवला, तर उद्या सगळा बाजार माज्या दारात रडत यील. मी धंदा कसा करू?"

मीही मान हलवली. सौदा झाला, पैसे दिले, बैल नेला. कायद्यात काही उरलं नव्हतं. मला फार वाईट वाटलं.

पण तात्यांचे डोळे चमकत होते! आमच्याकडं बैल विकतात, दावं विकत नाहीत. विकणाऱ्यानं बैलाच्या गळ्यातलं आपलं दावं काढून घ्यायचं, घेणाऱ्यानं स्वतःचं बांधायचं, तेव्हा सौदा पुरा. आणि हणमंता बाजारातून बैल नेताना त्याच्या गळ्यात हौसाबाईचंच लाल चिंधीचं दावं होतं, हे आमच्या कारकुनानं डोळ्यांनी पाहिलेलं!

"म्हणजे रिवाजानं सौदा अजून अपुरा," तात्या गरजले. "हणमंता, गळ्यातलं दावं तिचं असेल तर बैलही तिचा. मान्य?"

हणमंता म्हणाला, "रिवाज मला मोडता यायचा न्हाई. मान्य."

मी तर उडायचाच बाकी होतो! तात्या विजयी वीरासारखे हौसाबाईकडं वळले. "सांगा हौसाबाई, तुमचं दावं आत्ता कुठं आहे?"

उत्तर माहीत नसलेला प्रश्न आपल्या माणसाला कधी विचारू नये, हे तात्यांनीच मला शिकवलेलं!

म्हातारीनं काखेतलं गाठोडं सोडलं आणि लाल चिंधीचं दावं काढून सगळ्यांसमोर धरलं.

"ह्ये काय. दुसऱ्या दिशीच यानं गड्यासंगं धाडून दिलं. खोटं कशाला बोलू? माज्या पोरानं वळलंय ह्ये, पलटणीत जायच्या आधी."

तात्यांचा चेहरा उतरला. कारकुनानं मान खाली घातली. दावं परत आलं म्हणजे सौदा पुरा; संपलं होतं सगळं.

हणमंता त्या दाव्याकडं बघत राहिला.

"तात्या, ह्ये दावं हिचं न्हाई. हिचं दावं अजून माज्या गोठ्यात, पाखऱ्याच्या गळ्यात हाय."

म्हातारी ताडकन उभी राहिली. "मुडद्या! माज्या लेकाच्या हातचा पीळ मी वळखत न्हाई व्हय? माजंच हाय ह्ये!"

"न्हाई तुमचं!"

"माजंच हाय!"

हणमंतानं कपाळावर हात मारला. "आवं मावशे, गप बसा की! जिकताय तुमी!"