गाडीखाली बघणारा डेक्लन

शेजारच्या डेक्लनला मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तो आपल्या गाडीशेजारी गुडघे टेकून, गाल जमिनीला लावून ओणवा पडला होता. इंग्लंडात, साउथहॅम्प्टनमधला आमचा तो दुसराच दिवस. मला वाटलं, माणसाला चक्कर आली. मी फिजिओथेरपिस्ट, त्यात नागपूरची. हातातली पिशवी टाकून धावले. त्याने न उठताच हात वर करून मला थांबवलं, गाडीचा तळ या टोकापासून त्या टोकापर्यंत निरखला, आणि मग गुडघे झटकत म्हणाला, "आता गुड मॉर्निंग."

पुढची अकरा वर्षं हे मी रोज पाहिलं. पावसात गुडघ्यांखाली बागकामाची रबरी चटई घ्यायचा, पण चुकायचा नाही.

डेक्लन उत्तर आयर्लंडचा, सरहद्दीजवळच्या एका लहान गावचा. घर कॅथलिक. तिकडे ब्रिटिश राजवटीविरुद्ध लढणाऱ्या कॅथलिकांचा तह झाला, त्यांच्या मोठ्या संघटनेने बंदुका खाली ठेवल्या, तोवर शत्रूचे मानलेल्या पोलिसात कॅथलिक पोरांना बोलावणं आलं, तेव्हा हा भरती झाला. थोरला भाऊ मार्टिन मात्र तहाला गद्दारी म्हणणाऱ्या मूठभरांबरोबर फुटून गेला. त्या मूठभरांच्या लेखी डेक्लनसारखे पोलीस शत्रूहून वाईट; ते त्यांच्या गाड्यांखाली बॉम्ब लावायचे. एकाच आईचे दोन मुलगे, एक इकडे, एक तिकडे. शेवटी डेक्लन नोकरी सोडून इथे आला आणि बंदराच्या गेटवर पहारा करू लागला. मन मात्र तिकडेच राहिलं. रोज फोनवर गावचं हवामान बघायचा. आमच्याकडे लख्ख ऊन पडलेलं असायचं आणि हा छत्री शोधत म्हणायचा, "आज ओलं आहे."

इथे कोण मरायला बॉम्ब लावायला येतंय, असं मी एकदा विचारलंच. माझं तोंड फटकळच आहे.

"एकाने सांगून ठेवलंय, रोज बघत जा म्हणून," तो म्हणाला. "त्याचा शब्द मोडवत नाही, मिसेस डी."

देशमुख हे आडनाव त्याच्या जिभेला पेलायचं नाही. मला वाटलं, कुणी पोलिसातला साहेब असेल.

तीन वर्षांपूर्वी आमचं मराठी मंडळ फुटलं. कारण काय, तर गणपतीचं विसर्जन दीड दिवसांनी करायचं की सगळ्यांची सुट्टी बघून रविवारी. माझी जिवलग मैत्रीण शुभा रविवारवाली. तिने नवं मंडळ काढलं, वर नावाआधी 'मूळ' लावलं! मी तणतणत डेक्लनला सांगायला गेले, तर हा डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसला. म्हणाला, आमच्याकडेही हेच. फुटून निघालेले पुन्हा फुटले, त्यातलेही फुटले. शेवटी चार माणसं आणि तीन संघटना, आणि जो तो म्हणतो अस्सल मीच. मग त्याचं हसू ओसरलं.

"तुमच्यात कुणी मरत नाही, एवढं बरं आहे. तिला फोन कर."

मी केला नाही. माझं नाक मोठं.

त्याच वर्षी नोव्हेंबरात गावी त्याची आई गेली. आलात तर अंत्ययात्रेतच तुम्हाला गाठतील, असं तिकडच्या पोलिसांनी कळवलं, म्हणून तो गेला नाही. त्या दिवशी कडाक्याची थंडी, आणि याचं पुढचं दार सताड उघडं. बिचाऱ्याला भान नसेल, हीटिंग वाया चाललंय, म्हणून मी जाऊन हळूच ओढून घेतलं. थोड्या वेळाने बघते तर पुन्हा उघडं. पुन्हा ओढलं. तिसऱ्या खेपेला तो दारातच उभा होता, काळ्या सुटात.

"राहू दे," तो म्हणाला. "आमच्यात माणूस गेलं की दार लावत नाहीत. सगळी गल्ली येते."

आत टेबलावर वीसेक कप मांडलेले होते. कडा कापलेली सँडविचेस होती. येणारं कुणीच नव्हतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आमच्यात अशा घरी चूल पेटत नाही, शेजारी पिठलं-भात नेतात. तो करून नेला आणि संध्याकाळपर्यंत बसले. तो आईच्या गोष्टी सांगत होता आणि सारखा फोनकडे बघत होता. मार्टिनचा फोन आला नाही.

यंदा फेब्रुवारीत डेक्लन झोपेतच गेला. मी त्याच्या चुलत बहिणीला कळवलं. तिसऱ्या दिवशी टॅक्सीतून एक म्हातारा काठी टेकत उतरला. कान हुबेहूब डेक्लनचे. भावाला गावी न्यायला मार्टिन आला होता. किल्ली माझ्याकडे होती. आत आल्यावर तो बसेना, खिडकीतून गाडीकडे बघत राहिला.

"तो गाडीखाली बघायचा?"

"रोज."

"एक दिवसही चुकला नाही?"

"नाही."

मग त्याने सांगितलं. डेक्लन पोलिसात असताना मार्टिनच्याच लोकांनी त्याला मारायचं ठरवलं होतं. तेव्हा याने रस्त्यावरच्या फोनवरून एकच वाक्य बोलून फोन ठेवला: उद्यापासून रोज गाडीखाली बघत जा. हे कळलं असतं तर त्याच्या लोकांनी त्यालाच गोळी घातली असती. पुढे काही वर्षं तुरुंगात गेली आणि उरलेली लाजेत. त्या फोननंतर दोघं कधीच बोलले नाहीत.

"त्याने माझा आवाज ओळखला की नाही, ते मला कळलंच नाही," तो म्हणाला.

ओळखला होता, मी सांगितलं. एकाचा शब्द मोडवत नाही, असं डेक्लन म्हणायचा तेही सांगितलं, आणि मला रडू आवरेना. मी अकरा वर्षं त्याला भित्रा समजत होते. भावाशी तेवढंच बोलणं उरलं होतं त्याचं, आणि ते तो रोज सकाळी करत होता.

मार्टिन खुर्चीत बसला. मी पुढचं दार सताड उघडलं, कपाटातले सगळे कप काढले, आणि तीन वर्षांनी शुभाला फोन लावला.

"डेक्लन गेला. त्याच्याकडे बसायचंय," म्हटलं. "पिठलं मी टाकते, भात तू आण."

"आलेच," शुभा म्हणाली.