अंगठ्याखालची खुर्ची

राग दोन जातींचा असतो. गवताचा राग भडकन पेटतो, डोळे दिपवतो आणि विझून जातो. ओंडक्याचा राग वरून राखेसारखा दिसतो, पण हात लावावा तर चटका बसतो. खिडकीकाकूंचा राग ओंडक्याचा. त्या हिवाळ्यात तर तो एक क्षणही विझला नाही.

नाट्यगृहाच्या तिकीटखिडकीत त्या इतकी वर्षं बसल्या होत्या, की त्यांचं खरं नाव लोक विसरून गेले होते. घरी लेक-जावयाच्या संसारात त्यांना कोणी काही विचारत नसे. इथे माणसं रांग लावून त्यांच्याशी बोलत. म्हणून ती कोंदट खोली, ती गोल भोक पाडलेली काच आणि ते गुरगुरणारं मशीन त्यांना आपल्या मालकीचं वाटे.

तिकीट देण्याची त्यांची एक रीत होती. मशीनमधून तिकीट बाहेर आलं की त्या ते स्वतः फाडत, काचेखालच्या फटीतून अर्धं बाहेर सरकवत, आणि खुर्चीच्या नंबरावर उजवा अंगठा गच्च दाबून म्हणत, "ही तुमची जागा. वाचून घ्या." आता नंबरच अंगठ्याखाली, तर माणूस वाचणार काय? मग काकू स्वतःच मोठ्याने सांगत, "रांग पाचवी, खुर्ची कडेची. पाय लांब करायला मोकळी." शेताच्या बांधावर खुंट रोवावा तसा तो अंगठा. एकदा रोवला की जागा तुमची, बापजाद्यांच्या जमिनीसारखी.

थंडी पडली आणि तिकिटांवरचे नंबर नाहीसे होऊ लागले.

नाटकाचं नाव राही, तारीख राही, खुर्चीचा नंबर तेवढा पुसट होऊन उडून जाई. तोही आदल्या आठवड्यात विकत घेतलेल्या तिकिटांवरचा. त्याच दिवशी घेतलेली तिकिटं ठणठणीत. आत अंधारात दोन-दोन माणसं एका खुर्चीवर हक्क सांगू लागली. एकदा तर तिसरी घंटा झाल्यावर दोन गृहस्थ एकमेकांच्या मांडीवर बसले आणि कोणीही उठेना. पडदा थांबला. मालक खाली आले.

"येत्या रविवारी एक जरी भांडण झालं तरी खिडकी बंद," ते म्हणाले. "फोनवर विकू तिकिटं. भांडणं ऐकायला नाट्यगृह बांधलेलं नाही मी."

"आणि मी?" काकूंनी विचारलं.

"तुम्ही आराम करा. वय झालं."

आराम हा शब्द काकूंना शिवीसारखा लागला.

त्यांनी मशीनवाल्याला बोलावून घेतलं. तो पिशवी घेऊन आला, झाकण उघडलं, आतली पट्टी कापसाने पुसली, नवं कागदाचं रीळ घातलं. तिकीट काढलं, फाडलं, उजेडात धरलं. नंबर काळाभोर.

"काकू, माझ्यासमोर तर नीट छापतंय."

"तुझ्यासमोर लाजतंय ते. तू गेलास की माझं तोंड काळं करतं आणि स्वतः पांढरं राहतं."

"रीळ ओलं झालं असेल."

"मागच्या खेपेला म्हणालास ऊन लागलं असेल. आता ओल. पुढच्या खेपेला म्हणशील दृष्ट लागली."

तो हसला, आणि तिथेच चुकला. काकूंनी त्याचा असा उद्धार केला, की त्याच्या दोन पिढ्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या असत्या तर त्यांनीही कान झाकले असते. तो गेल्यावर त्यांनी रीळवाल्याला फोनवरून झोडपलं. घरी जाऊन लेकीवर राग काढला, भात मऊ झाला म्हणून. मग कोपऱ्यात बसून आखडलेल्या बोटांना मलम चोळत राहिल्या. थंडीत त्यांची बोटं खुरप्यासारखी वाकत आणि सरळ व्हायला नाही म्हणत. मलम यंदा लेकीनेच आणलेलं होतं, कापराच्या वासाचं, तेलकट. त्याची डबी त्या खिडकीतही ठेवत. तिकिटं देता देता अंगठा दुखला की बोट बुडवायचं, चोळायचं, पुढचं गिऱ्हाईक.

रविवार आला. मालकांनी मशीनवाल्याला दारापाशी बाकावर बसवून ठेवलं होतं, चोराचा जामीन म्हणून बसवावं तसं. दारावर स्टूल टाकून तिकिटं फाडायला काकूंचे धाकटे दीर बसत. त्यांनाच सगळे भांडणारे आधी भेटत, म्हणून तेही पेटलेले.

पहिली घंटा झाली. एक म्हातारं जोडपं दारात आलं. त्यांच्या मागे छत्री घेतलेला एक जाडा माणूस. तिकिटांवर नंबराची जागा पांढरी. तिघांनाही कडेच्या त्याच दोन खुर्च्या हव्या होत्या.

"काकूंनी मला सांगितलं होतं, पाय लांब करायला मोकळी," जाडा म्हणाला.

"आम्हालाही हेच सांगितलंय," म्हातारी म्हणाली. "तुम्ही काय आमच्या मांडीवर पाय लांब करणार?"

दीर तिकिटं मुठीत धरून तरातरा खिडकीशी आले.

"वहिनी, बघा हे. आंधळी तिकिटं विकता आणि शिव्या मी खातो."

"भावजी, मी डोळस तिकीट दिलंय. तुमच्या दारात काय जादू होते ते तुम्हाला ठाऊक."

"मी पुसतो काय नंबर? थुंकी लावून?"

"तुमचा काय भरवसा. लहानपणी भावाची पाटी पुसायचातच."

"ती पाटी होती. ही माझी नोकरी आहे. आणि तुमचीही."

त्यांनी तिकीट फटीतून आत लोटलं. काकूंनी ते ओढलं आणि सवयीने, नंबर असायचा तिथे अंगठा दाबला.

अंगठा बसला. ठशात ठसा बसावा तसा. पांढऱ्या डागाची गोलाई, खालचा बोथट कोपरा, डावीकडचा जुन्या जखमेचा वाकडेपणा, सगळं त्यांच्या अंगठ्याचं होतं. दिरांनीही ते पाहिलं. खोलीत कापराचा वास होता. थंडी पडल्यापासून तो होताच.

"ए मशीनवाल्या, इकडे ये," काकू म्हणाल्या. आवाज खाली आला होता, पण राग नव्हे. "या कागदाला तेल लागलं तर?"

"शाई नसतेच ना यात, काकू. कागदालाच लेप असतो, मशीनच्या उष्णतेने काळा पडतो. तेल लागलं तर चार दिवसांत अक्षर उडतं." मग त्याची नजर डबीवर गेली.

तोवर मालक जिना उतरून आले होते. आतला गलका त्यांनी ऐकला होता. त्यांनी थेट मशीनवाल्याचा दंड धरला.

"उचल तुझं हे डबडं मशीन आणि चालता हो. पुन्हा तोंड दाखवू नकोस."

मशीनवाल्याने काकूंकडे पाहिलं. दिरांनी जमिनीकडे. गप्प राहिलं तर मशीन गेलं असतं, नवं आलं असतं, आणि खिडकीला आणखी एक संधी मिळाली असती. काकूंना हे कळत होतं. त्याचाच त्यांना सगळ्यात जास्त संताप आला.

"त्याला सोडा," त्या म्हणाल्या. "मशीन बरं आहे. हा माझा हात आहे." आणि मलमाची डबी काचेवर अशी आदळली, की रांगेतली माणसं दचकली. "बंद करायची ना खिडकी? करा. पण आधी त्या तिघांना बसवा. त्यांना जागा मी दिलीय. भावजी, तुमचं स्टूल आत न्या."

"मी कुठे बसू?"

"उभे राहा. इतकी वर्षं बसून काय पराक्रम केलात?"

स्टूल आत गेलं. मालक काही बोलणार, तर रांगेतून कोणीतरी म्हणालं, "आधी आमची तिकिटं द्या, मग भांडा."

"हातमोजे घाला," मालक चिडून म्हणाले.

"का? मी प्रेतं उचलते?"

"मग मलम सोडा."

"आणि बोटं तुम्ही वळवणार?"

मशीनवाल्याने आत शिरून मशीन उचललं आणि त्याचं तोंड काचेच्या फटीकडे फिरवलं. पहिलं तिकीट आपण होऊन बाहेर आलं. रांगेतल्या माणसाने ते स्वतः फाडून घेतलं.

"तिकिटाला हात लावायचा नाही," शेवटी मालक म्हणाले. "लागलेला दिसला, की खिडकी बंद."

खिडकी राहिली. काकू राहिल्या. पण तो राग गेला नाही, अजूनही नाही. तिकीट समोरून परस्पर निघून जातं आणि त्यांना फाडायला मिळत नाही, याचा दंश त्यांना रोज होतो. माणूस तिकीट घेऊन वळणार, तोच त्या काचेवर आतून अंगठा दाबतात, नंबराच्या बरोबर समोर. "थांबा. रांग पाचवी, खुर्ची कडेची. ही तुमची जागा."

खेळ सुटला की दीर फडकं घेऊन खिडकीच्या खोलीत येतात. काचेवरचे तेलकट ठसे पुसताना वहिनीला ऐकू जाईल इतपत पुटपुटतात. काकू खुर्चीतूनच बोटाने दाखवतात, तो वरचा राहिला.