आत्यांना बसवायचं होतं

आमच्या आत्यांना कुणी निवांत बसलेलं पाहिलं असेल तर त्यानं मला येऊन सांगावं. आत्या म्हणजे माझ्या सासूबाई, बयाबाई. पवनानगरच्या पुढं धरणाच्या कडेला आमचं गाव, आणि तिथं सासूला आत्याच म्हणतात. माझं माहेर तळेगावचं. लग्न होऊन आले तेव्हा ही बाई जेवते कधी आणि टेकते कधी, तेच मला कळेना. सकाळी चुलीपाशी उभ्या, मग गोठ्यात उभ्या, लावणीला चिखलात वाकून उभ्या. पाहुणे आले की दाराला खांदा लावून उभ्या. मी एकदा म्हटलं, "आत्या, जरा टेका की." तर म्हणाल्या, "टेकलं की कंबर धरती बाय." झालं, विषय संपला!

मामंजी गेले आणि आत्या मिटल्याच. दारात उभ्या राहून रस्त्याकडं बघायच्या, चहा हातातच गार व्हायचा. मला ते बघवेना. मी तेव्हा तळेगावच्या अलीकडं एका छोट्या कारखान्यात जात होते. गाड्यांच्या दिव्यांना प्लॅस्टिकच्या काचा असतात ना, त्या पुसायच्या, उजेडात धरून चरा पडलाय का बघायचं, आणि खोक्यात भरायच्या. मी आत्यांना म्हटलं, "चला माझ्याबरोबर." घरात सगळ्यांनी मला वेड्यात काढलं. आत्या मात्र दुसऱ्या दिवशी चांगलं लुगडं नेसून माझ्या आधी कामाला नेणाऱ्या जीपपाशी जाऊन उभ्या.

आणि काय सांगू, बाई फुलली हो! कंपनीतल्या बायकांची बयामावशी झाली. डब्याच्या वेळेला हिच्या खेकड्याच्या कालवणावर उड्या पडायच्या. कुणाची सासू कशी वागते, कुणाच्या पोराचं कुठं जमतंय, सगळी खबर आत्यांकडं. काच पुसून खोक्यात ठेवताना तिच्याशी पण बोलायच्या, "जा बाबा, नीट उजेड पाड, कुनाला धडकवू नको." मी हसायचे. खरं सांगते, माझ्या लग्नातही वाटलं नसेल एवढं मला त्या दिवसांत बरं वाटत होतं.

पण काम सगळं उभ्यानं. टेबलं उंच, खुर्ची नाही, स्टूल नाही. आत्यांच्या पिंढऱ्यांवर निळ्या शिरांची गाठोडी उठली. संध्याकाळी जीपमधून उतरताना दोन्ही हातांनी पाय उचलून खाली ठेवायच्या आणि मी बघतेय कळलं की म्हणायच्या, "मुंग्या आल्यात, दुसरं काय न्हाई." डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं, दिवसभर असं उभं राहणं बंद. मग आमचे हे, मारुती, म्हणाले, "दिवाळी झाली की आईनं घरी राहायचं." चुकीचं बोलले नाहीत, आईची काळजीच त्यांना. आत्या पण "बरं" म्हणाल्या. पण नंतर भांडी घासताना हळूच मला म्हणाल्या, "घरी ऱ्हाऊन म्या काय करू गं? परत दारातच हुबी ऱ्हाऊ?"

दुसऱ्या दिवशी मी सुपरवायझर राजेंद्र सरांकडं गेले. माणूस वाईट नाही, वरच्यांना घाबरतो एवढंच. मी म्हटलं, "सर, मावशींना एक स्टूल द्या." ते म्हणाले, "एकीला दिलं की सगळ्या मागतील. बसलं की हात सुस्तावतात. आणि कंपनीत बसायची पद्धत नाही, ताई." पद्धत नाही! डोकंच फिरलं माझं. स्वतः खुर्चीत बसून सांगत होते.

मी बारावी झालेली बाई. कायदा म्हणजे काळा कोट, एवढंच मला माहीत. पण हातात मोबाईल होता. गावात घरात रेंज नाही, म्हणून जीप येईपर्यंत थांब्यावर उभी राहून, कामावर बसू देण्याचा काही कायदा आहे का, ते मी शोधायला लागले. पहिला लागला एक व्हिडिओ. एक बुवा ओरडतोय, "कामगार बांधवांनो, मालकाची झोप उडवणारा कायदा, शेवटपर्यंत बघा!" शेवटपर्यंत बघितलं. शेवटी म्हणे चॅनेलला सबस्क्राईब करा. मेल्या! मग एका ठिकाणी मोफत सल्ला म्हणून नंबर मागितला. मी भाबडेपणानं दिला, तर आठवडाभर लोनवाले आणि नोकरी लावून देणारे फोन करून सोडेनात. आमचे हे म्हणाले, "तू कायदा शोधतेयस की धंदा काढलायस?"

मग एक बातमी सापडली. साड्यांच्या दुकानात दिवसभर उभ्या राहणाऱ्या बायका बसायच्या हक्कासाठी भांडल्या आणि त्यांच्यासाठी कायदा झाला. मला एवढा आनंद झाला की जीपमध्येच आत्यांना मिठी मारली. घाट उतरता उतरता खाली वाचलं, तर तो कायदा केरळचा. आत्यांना सांगितलं तर म्हणाल्या, "असू दे. तितल्या बाया बसल्या ना? बरं झालं." आता या बाईला काय म्हणावं!

पण त्या बातमीनं मला एक शहाणपण आलं. कुठल्या राज्याचं आहे, कधीचं आहे, आणि कोण सांगतंय, हे आधी बघायचं. मग मी सरकारच्या कायद्यांच्या साइटवर गेले. सगळं इंग्रजीत. फोनला मराठी करायला सांगितलं तर त्यानं असलं मराठी केलं की त्यापेक्षा इंग्रजी सोपं. मग एकेक शब्द शोधत, वहिनीच्या पोरीला फोन करून विचारत, मी रोज थोडं थोडं वाचलं. कारखान्यांच्या कायद्यात पिण्याचं पाणी होतं, मुतारी होती, आणि मग चव्वेचाळिसावं कलम. ज्यांना उभ्यानं काम करावं लागतं त्यांच्यासाठी बसायची सोय ठेवायची, म्हणजे कामाच्या ओघात जेव्हा विसावा मिळेल तेव्हा त्यांना तो घेता यावा. मी ते परत परत वाचलं. विसावा! एवढ्या रुक्ष कागदात कुणीतरी विसाव्याचा विचार केला होता. माझे डोळेच भरून आले, खोटं कशाला बोलू.

लगेच उड्या मारल्या नाहीत. कामगारांच्या एका संघटनेच्या पानावर तेच कलम मराठीत समजावलेलं होतं, ते ताडून बघितलं. आपल्याएवढ्या कारखान्याला लागू आहे ना, तेही बघितलं. मग राजेंद्र सरांपुढं फोन धरला. ते म्हणाले, "मोबाईलवर काय, वाटेल ते असतं." मी म्हटलं, "सर, वरती सरकारचं नाव वाचा." त्यांनी वाचलं. बराच वेळ वाचलं. मग हळू आवाजात म्हणाले, "हे मला पाठवा." आणि काही दिवसांनी टेबलांच्या मागं भिंतीला लागून लांब बाकडी आली. नवी, पिवळी. सर स्वतः फडक्यानं पुसत होते.

आता तुम्ही म्हणाल, संपली गोष्ट. कसली संपतेय!

आत्या बसेनात! कारखान्याच्या मालकाची, शेठची, फेरी कधीही व्हायची, आणि शेठ उभा असताना आपण बसायचं, हे आत्यांच्या रक्तातच नाही. आमच्याकडं मोठं माणूस उभं असलं की धाकट्यानं बसायचं नसतं, आणि धन्यासमोर तर नाहीच नाही. शेठ त्यांच्या पोराच्या वयाचा, तरी धनी तो धनी. आत्या उभ्या म्हणून बाकीच्या बायकाही उभ्या. बाकडी रिकामी, आणि दिवाळी तोंडावर. मी चिडून म्हटलं, "आत्या, मी एवढी मरमर केली ती कुणासाठी?" त्या म्हणाल्या, "तुजं लय उपकार बाय. पन कसं बसावं? शेठ म्हनंल, म्हातारी माजली."

आत्यांना घरी बसवायची तयारी चालू झाली होती. आमच्या ह्यांनी राजेंद्र सरांना सांगूनही टाकलं होतं. सकाळी जीपची वाट बघताना आत्या एकाएकी म्हणाल्या, "ते वाच बरं मला. काय लिवलंय ते." मी फोन काढून सावकाश, मराठी करत करत वाचलं. त्यांनी मान खाली घालून ऐकलं.

"शेठनं लिवलं न्हाई ना हे?"

"नाही हो. सरकारनं लिहिलं. देशातल्या सगळ्या कारखान्यांसाठी."

"म्हंजी शेठचे उपकार न्हाईत."

"नाहीत आत्या."

"कवा लिवलं?"

मी बघितलं. एकोणीसशे अठ्ठेचाळीस.

आत्या हिशेब करत धरणाच्या पाण्याकडं बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "तवा माझ्या आयचं लगीन बी झालं नसंल." जीप आली, बायका चढायला लागल्या, तरी त्या हलेनात. "माझ्या जल्माच्या आदी कुनी तरी म्हनलंया, हिला बसू द्या. आन् म्या आजून हुबीच?"

त्या दिवशी दुपारी काम जरा थंडावलं तशा आत्या पदर सारखा करून बाकड्यावर जाऊन बसल्या. पाठ ताठ, हात मांडीवर, शाळेतल्या फोटोला बसल्यासारख्या. आणि नेमके शेठ आले. शेठ त्यांच्यासमोर थांबले, म्हणाले, "बसा मावशी, बसा." आत्या म्हणाल्या, "बसलीच हाय की."

सगळ्या बायका खुदकन हसल्या. शेठही हसले आणि पुढं गेले. एकेक करत बायका बाकड्यांवर टेकल्या. मी एकटी आत्यांच्या बाजूला उभी, रडू आणि हसू दोन्ही आवरत.

"तू का गं हुबी?"

माझ्या तोंडून आपसूक निघालं, "तुमच्याशेजारी कशी बसू आत्या?"

आत्या माझ्याकडं बघतच राहिल्या. इतक्या वर्षांत घरी मी कधी त्यांच्या बरोबरीनं पलंगावर टेकले नव्हते, आणि त्यांनीही कधी बस म्हटलं नव्हतं. आमच्या दोघींच्या ते ध्यानातच आलं नव्हतं. त्या थोड्या सरकल्या. शेजारची जागा पदरानं पुसली आणि माझा हात धरून मला खाली ओढलं.

"बस माझी बाय," आत्या म्हणाल्या, "माझ्याकडनं बी लय उशीर झाला."