आजोची गाठ

आधीच माफी मागते. माझं शिक्षण चौथीपर्यंत. ऱ्हस्व-दीर्घ मला कधी जमलं नाही, आणि अक्षर असं की वाणसामानाची यादी वाण्याला मीच वाचून दाखवते. जिथे पोळ्या करायला जाते त्या बाईंकडे एक मासिक येतं, त्यात असल्या अनुभवांचं पान असतं. ते वाचून लिहायला बसले. पाठवायचा धीर होईल असं वाटत नाही...

भुताखेतांवर माझा कधीच विश्वास नव्हता. लालबागला आमची चाळीतली एक खोली, खाली मसाला कांडायचे डंक दिवसभर चालू. भूत आलंच तर शिंकून शिंकून परत जाईल, असं मीच म्हणायचे.

माझे आजोबा मालवणकडचे, आम्ही त्यांना आजो म्हणायचो. तरुणपणी गिरणीत लागायला मुंबईत आले आणि आठवड्याभरात गिरणी सोडली. म्हणायचे, "वर पत्रो, बाजूक भिंत. माणूस काय डब्यातला बिस्कुट?" मग जन्मभर माडावर चढले. दादर-गिरगावच्या जुन्या सोसायट्यांतले नारळ उतरवायचे, सुकलेल्या झावळ्या तोडायच्या. पायात अडकवायला काथ्याचा दोर, कमरेला कोयता, एवढंच भांडवल. अंगात ताप असला तरी जायचे. वर गेलं की वाऱ्याने ताप उतरतो म्हणे. झोपायचेसुद्धा गॅलरीत, पाऊस तोंडावर आला तरी. माझे वडील लवकर गेले, आई माहेरी निघून गेली. मला आजोनीच वाढवलं, काका-काकींबरोबर त्याच खोलीत.

त्यांच्या दोन सवयी होत्या. नारळ टाकायच्या आधी वरून हाक मारायची, "खाली कोण आसा?" आणि उत्तराची वाट बघायची. दुसरी म्हणजे प्रत्येक माडावर एक नारळ ठेवायचा. माडाला उघडं करू नये म्हणायचे. यावरून दादरच्या एका सोसायटीच्या सेक्रेटरींशी त्यांचं दर वर्षी वाजायचं. त्याच सोसायटीत मी पोळ्या करते.

"तो एक कुणासाठी ठेवता? माझ्या गाडीवर पडला म्हणजे?"

"माजो नारळ असो कोणाच्या डोक्यार पडणा नाय, सायबा. तुमी गाडी हलवा."

ऐंशी उलटल्यावर आजोना विसरायला व्हायला लागलं. माणसं विसरले, माड नाही. एक दिवस परळच्या नाक्यावर दिव्याच्या खांबावर अर्ध्यापर्यंत चढले. ट्रॅफिक थांबलं. लोकांनी मोबाईलवर व्हिडिओ काढला आणि तो फिरत फिरत माझ्या काकांच्या ऑफिसात पोचला. तिथे सगळे हसले. त्या संध्याकाळी काकांनी आजोचा दोर खुंटीवरून काढला आणि त्यांचा पाय खाटेला बांधला.

काकी म्हणाली, "बरं झालं. आता काय चढायचं ते खाटेवर चढा."

मी दोर सोडवायला गेले तेव्हा आजो स्वतःच म्हणाले, "सुटाची नाय गो, बाय. ओढलंस तर आवळतली. मियाच शिकवलंय तेका." हे सांगताना त्यांना कौतुक वाटत होतं. याच गाठीवर त्यांनी आयुष्यभर जीव टांगला होता. काका लहान असताना आजो त्यांच्याकडून ती रोज घालून घ्यायचे... आता काका ती न बघता घालायचे. जेवायला आणि मोरीत जायला सोडत, परत बांधत. कात्री काकीने कपाटात ठेवली होती.

खाट आतल्या भिंतीला होती. तिथून आकाश दिसत नाही. आजोचं एकच मागणं होतं, "माका वायच भायर बसव गो."

पावसाळ्याआधी सेक्रेटरींनी मला विचारलं, "आजोबा येणार ना झाडांना?" मी घरी सांगितलं. मला वाटलं काका नाही म्हणतील. काका सोसायटीत जाऊन अर्धे पैसे उचलून आले. म्हणाले, दुसरा कुणी स्वस्तातला बघून पाठवू, बाकीचे आपल्याला.

मी काकांशी वर मान करून कधी बोलत नाही. त्या दिवशी बोलले. "काम दुसरा करू दे. पण आजोना तिथे नेऊन माडाखाली बसवा. एकदाच."

"रविवारी नेतो," काका म्हणाले.

आजोनी हे बरोबर लक्षात ठेवलं. रविवारी सकाळी खाकी हाफ पँट घालून, डोक्याला पंचा गुंडाळून खाटेवर बसून राहिले. काकांना मित्राचा फोन आला. ते शर्ट घालून निघाले, आजोनी पाय ओढून बघितला, तशी काकांनी परत येऊन गाठ आणखी आवळली.

"पुढच्या रविवारी."

आजो म्हणाले, "वारो आज आसा."

काकी मला म्हणाली, "तू जा कामाला. तुझ्यामुळेच डोक्यावर बसलेत."

मी गेले, आधीची दोन घरं उरकून दुपारी दादरला पोचले. रडत नाही मी रस्त्यात, लाज वाटते. सोसायटीच्या गेटवर वॉचमन हसत पुढे आला. "ताई, काय आजोबा आहेत तुमचे. या वयात."

मागच्या अंगणात सगळे माड साफ झाले होते. झावळ्यांचे भारे देठ एका बाजूला करून, झावळीच्याच पातीने बांधून ठेवलेले. नारळांचा ढीग. आणि प्रत्येक माडावर एकेक नारळ.

वॉचमन म्हणाला, "आत येताना नाही बघितले. एकदम वरून आवाज आला, खाली कोण आसा म्हणून. मी बोललो, कोणी नाही. मग नारळ पडायला लागले. उन्हामुळे तोंड नीट नाही दिसलं, डोक्याला पंचा होता."

मला वाटलं, मी निघाल्यावर काका परत येऊन आजोना घेऊन आले असतील. त्यांना लाज वाटली असेल. मी अंगणात उभी राहून हसले. बाईंच्या पोळ्या घाईने केल्या, ढिगातलं एक शहाळं मागून घेतलं आणि घरी आले.

आजो खाटेवर बसलेलेच होते, भिंतीला टेकून. अंग गार पडलं होतं.

काकी म्हणाली, "सकाळपासून गप्प आहेत. मला वाटलं रुसले." आम्ही गेल्यापासून दाराला आतून कडी होती, काकी घरातून हललीच नव्हती. गाठ तशीच होती. पण तळपाय ताजे सोललेले होते, आणि पंच्यात, केसांत माडाचा भुसा. मी काकीला दाखवला. "आंघोळीत जाईल," ती म्हणाली.

डॉक्टरांनी वय झालं होतं म्हणून लिहून दिलं. त्यांना बोलवायच्या आधी काका गाठ सोडवायला बसले होते. त्यांना ती सुटेना. शेवटी दोर विळीवर कापला.

मी त्यांना माडांचं सांगितलं. त्यांनी एवढंच विचारलं, "सगळे माड?" घाबरलेत असं मला वाटलं.

दहावं झाल्यावर, तुळतुळीत डोक्याने, काका उरलेले पैसे मागायला सोसायटीत गेले. मी आत पोळ्या लाटत होते, सगळं ऐकू येत होतं. सेक्रेटरींनी माडांवर ठेवलेल्या नारळांचे पैसे कापले.

काका म्हणाले, "साहेब, माझ्या बापाचं हे शेवटचं काम. जीव ओतून केलंय त्यांनी. त्यातले पैसे कापता?"

सेक्रेटरींनी खिशात हात घातला.

लोक म्हणतात दुसरा कुणी चढला असेल. मग तो मजुरी मागायला का आला नाही? सोसायटीचा कॅमेरा गेटवर आहे, वर आकाशाकडे नाही. काकांना मी एकदाच विचारलं, तुम्ही आजोना सोडलं होतंत का? ते म्हणाले, "तुला काय करायचंय?" यापलीकडे मला काही कळलेलं नाही, आणि आता कळेल असंही वाटत नाही.

माडांवरचे ते नारळ अजून आहेत. सेक्रेटरी गाडी दुसरीकडे लावतात. त्या दिवशी कापलेले पैसे त्यांनी पाकिटातून परत काढले, काकांनी अंगठ्याला थुंकी लावून तिथेच मोजले आणि मला आत हाक मारून सांगितलं, "पूर्ण दिले गं."