ओला राहिलेला शब्द

शांतम्मा टीचरांचं नाव आधी घेतो, मग बाकीचं. भवानी पेठेत त्यांच्या माडीवर मी भाड्यानं राहतो. माझं घर चंद्रपूरच्याही पलीकडे. शाळा आठवीत सुटली. दगडावर अक्षरं कोरण्याचं काम येतं, पण इंग्रजी अक्षरं मी चित्रासारखी कोरतो.

गोऱ्या लोकांच्या जुन्या दफनभूमीत काम होतं. झिजलेली अक्षरं पुन्हा खोल करायची. एका बाईच्या थडग्यापाशी सुपरवायझर बिराजदार साहेब टाइप केलेला कागद घेऊन थांबले.

"हितं स्टेडचं स्पेलिंग चुकलंय. तेवढं ग्राइंडरनं घासून नवं कोर. उद्या हिच्या घरचे पाहुणे येणार हायत. दगड बिघडला तर गावाकडची गाडी धर."

आमच्या बापाची रीत अशी, की ज्याच्या दगडाला हात लावायचा त्याचं नाव आधी मोठ्यानं घ्यायचं. नीट घ्यायचं. मला ते वाचता येईना.

"साहेब, नाव काय हिचं?"

"एलिझा का अलायझा, कायतरी हाय. तुला बारसं घालायचंय व्हय?"

माझा हात चालेना. जेवणाच्या सुट्टीत टीचरांकडे गेलो. त्या इंग्रजी शिकवून रिटायर झालेल्या. छत्री घेऊन रिक्षानं आल्या.

कोरड्या दगडावर झिजलेली अक्षरं दिसत नाहीत, पाणी मारलं की वर येतात. मी बादली ओतली. टीचर वाकल्या.

"इलायझा. साथीत ही आजाऱ्यांजवळ राहिली, असं लिहिलंय."

"आणि चूक?"

"चूक न्हाय बाबा. आज एस टी ए आय डी लिहिलं तर अर्थ होतो गंभीर माणूस. राहिली म्हणायला आयच्या जागी वाय आणि ई लागतो. पण पूर्वी राहिली हे पण असंच लिहायचे. तो शेजारचा दगड बघ. त्यात लाइजला वाय घातलाय. म्हणजे इथं पहुडलाय. आज वायवालं लाय म्हणजे आपल्या सूत रंगवायच्या डाइंगमधलं कॉस्टिकचं पाणी."

"मग साहेबांचा कागद?"

"कागद आजचा की. बाई जुनी."

मी मोठ्यानं म्हटलं, "इलायझाबाई, हात लावतो."

तोवर दगड वाळला होता. भर उन्हात पायाखालची फरशी पोळत होती. पण 'राहिली'चा तो एकच शब्द ओला होता. मी फडक्यानं पुसला. बघता बघता पुन्हा ओला होऊन काळा झाला.

"अजून राहिलीच की ही," टीचर हळूच म्हणाल्या.

मी बोटाच्या पेरानं दगड वाजवून पाहिला. सगळीकडे ठण्ण वाजला. त्या शब्दावर बद्द. आमच्या धंद्यात पाणी जिथून हटत नाही तिथं मागं चीर असते, पोकळी असते. तिथं ग्राइंडर लावला असता तर दगडाचे दोन तुकडे झाले असते.

बिराजदार साहेब आले. "अजून हात न्हाय लावलास? लई शाणा झालास की."

"वाजवून बघा, साहेब."

त्यांनी वाजवला. परत वाजवला. कागदाची घडी खिशात गेली. "आन् स्पेलिंग?"

"राहू द्या तसंच. पाहुण्यांना मी सांगते," टीचर म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी आलेल्या पाहुण्यांपैकी एक म्हातारी त्या शब्दावर हात ठेवून बराच वेळ उभी राहिली. पाहुणे गेल्यावर दगडाच्या मागच्या बाजूनं चुना भरून चीर बुजवली. अक्षरं तशीच ठेवली. माझं काम टिकलं.

धडा एवढाच, की कागद बघून दगड घासू नये. आधी ओला करून वाळेपर्यंत थांबावं. चुना पक्का झाल्यावरही काही सकाळी तो शब्द ओला दिसतो. पाणी मी मारत नाही. कोण मारतं, ते विचारत नाही.

टीचरांची घरची भाषा कन्नड, आणि त्यांच्यात माणसाला पुरतात. त्या हसत म्हणतात, माझा दगड कन्नडमध्ये कोर. जिवंत माणसाचं नाव आमच्यात कोरत नाहीत. म्हणून सध्या फरशीच्या तुकड्यावर कन्नड अक्षरं गिरवतो, त्यांच्या नावातली सोडून. तो दिवस फार उशिरा येवो. आला की आधी त्यांचं नाव मोठ्यानं घेईन, नीट घेईन, आणि मगच छिन्नी टेकवीन.