दोन स्टॉप जास्त

भिंगारच्या जुन्या बाजारात यज्ञेश्वर मुळ्यांनी बेचाळीस वर्षं स्टुडिओ चालवला, आणि एवढ्या वर्षांत सावळी म्हणून एकही मुलगी त्यांच्या फोटोत दिसली नाही. उन्हात कितीही रापलेली पोर येवो, फोटोत ती दुधात न्हायल्यासारखी यायची. स्थळं जुळवणाऱ्या बायकांनी त्यांचं नाव पार राहात्यापर्यंत नेलं होतं. "दादा, पोर जरा उजळ काढा बरं, लई सावळी हाय," असं एखादी राहीबाई दारातूनच सांगायची.

जादू कसली आलीय! कॅमेऱ्याच्या भिंगाभोवतीची, आत उजेड सोडणारी कडी दोन घरं जास्त उघडायची, ज्याला फोटोग्राफर दोन स्टॉप म्हणतात. फिल्मवर चौपट उजेड पडतो, निगेटिव्हवर चेहरा दाट काळा होतो, आणि निगेटिव्हवर जेवढा काळा तेवढा कागदावर गोरा. बाकीचे फोटोग्राफर याला चूक म्हणत. मुळे हातगुण म्हणत.

तोच हातगुण त्यांनी पोटच्या मुलीवर चालवला. मधुवंती रंगाने बापावर गेली होती. शहाण्णव साली, बाविसाव्या वर्षी, तिचा लग्नासाठी फोटो काढला. तोवर गावभर रंगीत फोटो झाले होते, पण यांनी हट्टाने कृष्णधवलच काढला. रंग कळायलाच नको ना! फोटो पाहून स्थळं धावत आली आणि मुलगी पाहून, पोहे खाऊन, परत गेली. सातव्या वेळी मुलाच्या मावशीने फोटो हातात धरून विचारलं, "हिला बोलवा ना. कुठाय?" पोह्यांचा ट्रे घेऊन मधुवंती समोरच उभी होती.

त्या दिवसानंतर तिने कुणासाठी पोहे केले नाहीत. नगरच्या एका शाळेत शिकवायला लागली आणि लग्नाचं नाव घरात निघालं नाही.

गेल्या महिन्यात ती त्याच शाळेची मुख्याध्यापिका झाली. कार्यालयाच्या भिंतीवर आधीच्या सगळ्यांचे कृष्णधवल फोटो ओळीने लावलेत, तिचाही लागणार होता.

"बाबा, तुमच्या जुन्या कॅमेऱ्यानेच काढा," ती म्हणाली. "पण मी आहे तशीच आले पाहिजे. एकदाच बसेन. बिघडलं तर मोबाईलवरचा लावीन."

अठ्ठ्याहत्तर वर्षांचा म्हातारा हरखून गेला. पुण्याहून फिल्म मागवली, खोकल्याचं औषधसुद्धा विसरून बाराच्या बारा फोटो काढले. संध्याकाळी फिल्म धुवायला घेण्याआधी कॅमेरा पुसताना त्यांचा हात थबकला. कडी दोन घरं जास्त उघडी होती. मुलगी समोर बसली आणि हाताने आपलं काम केलं. सुंभ जळाला तरी पीळ जळत नाही म्हणतात, ते काय खोटं?

फिल्म नेहमीसारखी दहा मिनिटं डेव्हलपरच्या औषधात ठेवली असती, तर मधुवंती पुन्हा गोरीपान झाली असती. ओव्हर झालेली, म्हणजे जास्त उजेड खाल्लेली फिल्म वाचवायची तर वेळ कापायचा, सातव्या मिनिटाला औषध ओतून द्यायचं. हे मुळ्यांना धंद्याच्या पहिल्या वर्षापासून ठाऊक होतं. फौजी जवानांचे फोटो ओव्हर झाले की ते असेच वाचवत. मुलींचे कधी वाचवले नाहीत.

अंधाऱ्या खोलीत ते घड्याळाच्या काट्याकडे बघत राहिले. सातव्या मिनिटाला त्यांनी फिल्मचा डबा उपडा केला.

दुसऱ्या दिवशी मधुवंतीसमोरच त्यांनी फोटो छापला. लाल दिव्याखाली, ट्रेमधल्या कागदावर तिचा चेहरा हळूहळू उमटला. सावळा, ठाम, कपाळावर दोन आठ्या. ती बघतच राहिली.

"हीच मी," ती म्हणाली.

इथे गप्प बसावं की नाही? पण कारागिराची जीभ! "अगं, फिल्म दोन स्टॉप ओव्हर झाली होती. मी वाचवली," मुळे ऐटीत म्हणाले.

"म्हणजे अशी वाचवता येते?"

"येते की. तीन मिनिटं आधी औषध ओतून द्यायचं."

"मग तेव्हा माझी का नाही वाचवली?"

कुठली, हे विचारायची गरज नव्हती. "तुझं भलं व्हावं म्हणून गं," ते पुटपुटले. "जगाची रीतच तशी."

"जगाने नंतर नाकारलं, बाबा. आधी तुम्ही."

मुळ्यांनी कपाटातून शहाण्णव सालची निगेटिव्ह काढली, एनलार्जरमध्ये बसवली आणि कागदावर चौपट वेळ उजेड सोडला, म्हणजे फोटो तेवढा गडद उठतो. वरातीमागून घोडं! तरी घोडं आलं. ट्रेमध्ये बावीस वर्षांची सावळी मुलगी उमटली. मोठे डोळे, आणि गालावर एक खळी, जी त्या गोऱ्या फोटोत पार पुसून गेली होती. सगळं त्या निगेटिव्हमध्ये जवळजवळ तीस वर्षं तसंच पडून होतं.

"चांगली होती की ही," मधुवंती म्हणाली. तिने भरलेले डोळे पुसले नाहीत.

वाळल्यावर तिने शाळेचा फोटो पिशवीत ठेवला. दुसरा मुळ्यांनी तिच्यापुढे धरला, तर तिने तो त्यांच्याच हातात परत दिला.

"हा तुम्ही ठेवा. मी हिला रोज आरशात बघत होते. तुम्हीच कधी पाहिली नव्हती."